वरून घातलेलं पाणी

हर्सूल, औरंगाबाद
१२ मार्च २०१३

गीताला मंजुळाचा रामराम. तुझा जयभीम तिकडून येईलच, तवर हा घे.

फोनवर मी अर्धा तास घसा फोडला आणि शेवटी तू इचारलंस, कोण बोलतंय? तुझ्या कानात आता काही राहिलं नाय. म्हणून पत्रच बरं. तू सातवी शिकलेली, वाचशील. मला अक्षर म्हंजे मुंग्यांची रांग. मी बोलते, रत्नमाला लिहिते. सून हाय, पण हात चांगला हाय तिचा, तोंडापेक्षा चांगला. (हे बी लिही गं. खोडू नको.)

तुझा राजेंद्र बरा हाय, बाळंतीण बरी हाय. नात सव्वा महिन्याची झाली. नाक तुझ्यावर गेलंय, त्याला आता इलाज नाय.

पण डोकं तापलंय माझं. राजेंद्राला मीच म्हणले होते ना, मुकुंदवाडीतली खोली सोड, आमच्या कॉलनीच्या मागं खालच्या वस्तीत ये, फरशी बसवायचं तुझं काम जळगाव रोडवरच चाललंय, जवळ पडंल. आणि तुला छातीवर हात ठेवून म्हणले होते, पाण्याची जिम्मेदारी माझी. आता तो शब्द घशात अडकलाय.

ऐक, काय झालं ते. कॉलनी आणि खालची वस्ती, दोन्हीच्या मधी मोकळं मैदान होतं. तिथं सहा वर्षांमागं सरकारी पैशानं बोअर पाडला, दोन्हीकडच्यांसाठी. आम्ही बायका तिथं भरायचो, भांडायचो, सगळं रीतीनं चाललं होतं. मंग त्या मैदानावर खंडोबाचं मंदिर उठलं. मी बी विटा वाहिल्या, खोटं कशाला बोलू, माझाच देव हाय तो. दिवाळीला मंदिराला भिंत आली आणि बोअर भिंतीच्या आत गेला. भिंतीला फाटक, फाटकाला कुलूप, आणि कुलपाची चावी माझ्या लेकाच्या, शिवशंकरच्या कंबरेला, कारण तो समितीचा चिटणीस. ज्याचा आजा मेंढरांत निजायचा त्याचा नातू चिटणीस झाला, म्हणून मी त्या दिवशी साखर वाटली. त्याच साखरेच्या मुंग्या आता मला चावायल्या.

आधी समितीवाले म्हणाले, देवाचं पाणी हाय, ज्यांनी मंदिराला वर्गणी दिली त्यांनीच भरावं. खालच्या वस्तीनं कशाला द्यावी? त्यांचा विहार हाय. ओट्यावर आमची गोजरबाई म्हणते, बरोबरच हाय मंजुळाबाई, ज्याचा देव त्याचं पाणी. मी म्हणले, गोजरे, पाऊस पडतो तवा देव खाली जात बघून ढग हलवतो व्हय? ती दोन दिवस बोलली नाय, बरं वाटलं. मंग संक्रांतीला फळ्यावर लिहिलं, बोअर आटला, सगळ्यांनाच बंद. आम्ही कॉलनीवाले टँकर विकत घेतो. खालच्या वस्तीला आठव्या दिवशी टँकर येतो, आणि तुझी सून ओली बाळंतीण, लेकरू काखेत घेऊन रांगेत. मी आमच्या टाकीतली एक घागर रोज रत्नमालेच्या हाती पाठवते. एका घागरीत बाळंतपण होतं का?

माझा इश्वास नाय बसत की बोअर आटला. म्हणून एक ठरवलंय. ज्याच्या हुकमावर चावी-कुलूप चालतं त्या तात्यासाहेबाला, समितीच्या अध्यक्षाला, सगळ्यांसमोर बेलभंडारा उचलायला लावते. भंडारा हातात घेऊन खोटं बोलणारा माणूस आमच्यात अजून जन्मला नाय.

तुझी
मंजुळा (अंगठा रत्नमालेनं घेतला, शाई साडीला लागली)

*

पाचोड
२० मार्च २०१३

प्रिय मंजुळा, जयभीम.

पत्र पोचलं. नाकाबद्दलचं वाक्य दोनदा वाचलं. माझं नाक आमच्या घरात चार पिढ्या टिकलंय. तुझी जीभ तुझ्यामागं कोण सांभाळील, त्याची काळजी कर.

पाण्याचं वाचून जीवाला घोर लागला. राजेंद्र मला काही सांगत नाही. सून फोनवर म्हणते, सगळं ठीक आहे, आई. मला ऐकू येत नाही हे माहीत असूनही ती हळू बोलते. खरं नसलं की माणूस हळूच बोलतं.

इथं मोसंबीच्या बागा लोक कुऱ्हाडीनं तोडायलेत. बारा-बारा वर्षं पोसलेली झाडं बाजारात सरपण म्हणून आलीत. मी एक मोळी विकत घेतली आणि चूल पेटवायला हात होईना.

आता तुझ्या भंडाऱ्याचं. माझ्या बापानं छप्पन साली देव घराबाहेर ठेवले. तुझ्या खंडोबाशी मला भांडायचं नाही, तो तुझा सोयरा. पण आठव, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात गावानं तुमच्या मेंढरांना विहीर बंद केली होती. तुझा बाप आमच्या वस्तीत आला, बांधाबाहेरच उभा राहिला. माझा बाप पुंडलिक एवढंच म्हणाला, मेंढरं किती? तीनशे. तर आधी त्यांना पाज, माणसं मागाहून. त्यानं शपथ घातली नाही, जात विचारली नाही, देव विचारला नाही. न्याय इतका साधा असतो, मंजुळा. तो करायचा असला म्हणजे.

म्हणून सांगते, देवाला साक्षीला बोलावण्याआधी मोटारीला विचार. बोअर खरंच आटला की लोक मोटार वर काढतात, विकतात. तुमची मोटार वर आली का? एवढं बघ आणि मग काय उचलायचं ते उचल.

नातीच्या कानात सांग, आजी येणार आहे.

गीताबाई

*

हर्सूल
९ एप्रिल २०१३

गीता, रामराम.

तू शिकलेली खरी, पण एका जागी चुकलीस. न्याय झाला. तुला आवडायचा नाय तो, पण झाला.

रविवारी देवळापुढं सगळे जमले. खालच्या वस्तीतली माणसं यायला तयार नव्हती. राजेंद्र म्हणाला, मावशी, तुमच्या देवापुढं आमचं काय काम? मी म्हणले, माझ्या शब्दावर ये. आला बिचारा, पाच-पंचवीस माणसं घेऊन आला. फाटकाच्या आत पहिल्यांदाच आले ते. मी मधी उभी राहिले आणि अट सांगितली, सगळ्यांनी ऐकली. चावीवाल्यानं बेलभंडारा उचलून सांगायचं बोअरला पाणी हाय का नाय. तो जे बोलंल ते दोन्ही वस्त्यांनी मानायचं, नंतर कुणी तोंड उघडायचं नाय. सगळे कबूल झाले.

मी तात्यासाहेबाकडं ताट केलं. तो हसला, दोन्ही हात मागं बांधले आणि म्हणाला, आजी, अध्यक्ष मी, पण चावी माझ्याकडं नाही. चावी चिटणिसाकडं असते.

मी हे इसरलेच होते बघ. ताट घेऊन वळले तर समोर शिवा.

गीता, आईनं आपल्या लेकराच्या हाताकडं असं कधी बघू नये. त्यानं बेल घेतला, भंडारा घेतला. पिवळी भुकटी त्याच्या मनगटावर सांडली. देवाचा धाकच तसा असतो. मान खाली घालून म्हणाला, बोअर आटलाय. माझ्या पोटात जे गार वाटलं ते तुला कसं सांगू. माझा पोरगा तीन महिने खरं बोलत होता आणि मी आई असून त्याच्यावर संशय घेत होते.

राजेंद्रानं माझ्याकडं बघितलं. माणसं घेऊन गेला. तू त्याला समजाव. पाणी नाय तर नाय, त्याला कुणाचा इलाज. रोजची घागर मी पाठवतेच, दीड करीन.

मोटारीचं इचारलंस. देवापुढं बोलणं झाल्यावर मोटारीला काय इचारायचं? तसं केलं तर देवाची बी बेइज्जती, पोराची बी.

कळस अक्षय तृतीयेला चढणार हाय, पितळी. खर्च कुठून आला देव जाणे. इकडं घशाला कोरड आणि तिकडं देवाला टोपी. हे मात्र मला पटलं नाय, आणि गोजरबाईला बी नाय पटलं. ती आता माझ्याशी बोलायली.

मंजुळा

*

पाचोड
१५ एप्रिल २०१३

मंजुळा,

काल जयंती झाली. निळे झेंडे लागले, पोरांनी भाषणं केली, पाण्याच्या सत्याग्रहावर एका मुलीनं चांगलं सांगितलं. राजेंद्र एका दिवसासाठी आला होता. रात्रीच्या एसटीनं परत गेला.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो हसला. माझा मुलगा असा हसलेला मी पाहिला नव्हता. मग त्या रविवारनंतर त्यानं जे डोळ्यांनी बघितलंय ते सांगितलं.

दुपारी दोनला उन्हामुळं तुमच्या कॉलनीची दारं बंद असतात. तेव्हा मंदिराच्या मागच्या फाटकातून टँकर भरून निघतो. जळगाव रोडच्या ज्या उंच इमारतीत राजेंद्र फरशी बसवतो, तिथंच तो रिकामा होतो. त्याच पाण्यात तो सिमेंट कालवतो, आणि संध्याकाळी घरी जातो तर लेकराला अंघोळीला पाणी नसतं. त्यानं टँकरवाल्याला विचारलं, कुठलं पाणी? तो म्हणाला, देवाचं आहे बाबा, कळसासाठी चाललंय.

आता वस्तीतली माणसं तक्रार घेऊन गेली की लोक म्हणतात, शपथ झाली ना, तुम्हीच कबूल झाला होतात. हे तू केलंस. तात्यासाहेबाला एवढं जमलं नसतं. तू आमची माणसं तुझ्या शब्दावर बोलावलीस आणि तुझ्या देवाच्या हातानं त्यांची तोंडं शिवलीस.

एक गोष्ट चाळीस वर्षं पोटात ठेवली होती. आज लिहिते. त्या दुष्काळात आपण दोघी नालाबंडिंगच्या, नाल्याला बांध घालायच्या सरकारी कामावर होतो. तुला पाणी वाटायला ठेवलं होतं. आमच्या विहिरीवर तुमची तीनशे मेंढरं पिऊन वर्षही झालं नव्हतं. तू एकेकाला तांब्या देत आलीस. माझ्यापाशी आलीस आणि म्हणालीस, ओंजळ कर. आणि वरून घातलंस. हातभर उंचावरून. निम्मं पाणी कोपरावरून मातीत गेलं. ते सांडलेलं पाणी मला अजून दिसतं. संध्याकाळी कुणी नसताना तू माझ्याच फडक्यातली, कामावर वाटलेली सुकडी खाल्लीस, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीस. म्हणून मी बोलले नाही.

तेव्हा मुकादमाचा धाक होता, तू सोळा वर्षांची होतीस. आता कुणाचा धाक आहे?

पुढचं पत्र पाठवू नकोस.

गीताबाई पुंडलिकराव

*

हर्सूल
२२ एप्रिल २०१३

गीतामावशींना रत्नमालेचा नमस्कार.

हे पत्र आत्याबाईंनी सांगितलेलं नाही. त्या गोजरबाईंकडे गेल्यात, तेवढ्यात लिहिते.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते जयंतीपर्यंत वाचून दाखवलं. मुलीचं भाषण, निळे झेंडे, राजेंद्रभाऊ येऊन गेले, एवढंच. मग मी म्हणाले, बाकी सगळी खुशाली आहे. त्यांनी विचारलं, एवढं मोठं पत्र आणि एवढीच खुशाली? मी म्हणाले, मावशींचं अक्षर मोठं आहे. त्यांनी मान हलवली. त्यांना वाचता येत नाही आणि मी त्याचा फायदा घेतला. हे पाप कुठल्या देवाला सांगायचं ते मला कळत नाही.

मोटार चालते. आमच्या मोरीच्या भिंतीतून तिचा आवाज येतो. आत्याबाई त्या वेळी ओट्यावर पंखा घेऊन झोपलेल्या असतात. मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. मी ह्यांना विचारलं होतं. हे म्हणाले, तात्यासाहेब म्हणतात देवासाठी बोललेलं खोटं देवालाच पोचतं. मावशी, आमच्या घरातल्या कुणाला कॉलनीत आजवर कुणी खुर्ची दिली नव्हती. समितीच्या बैठकीत ह्यांना खुर्ची मिळते. ती सोडवत नाही.

पण त्या रविवारपासून देवघरावरून जाताना हे उजवा हात खिशात घालतात.

दीड घागर मी रोज नेते. तुमच्या सूनबाई विचारत नाहीत पाणी कुठलं. घागर घेताना माझ्याकडं बघत नाहीत, एवढंच.

कृपा करून हे आत्याबाईंना लिहू नका. लिहिलंत तर ते मलाच वाचावं लागेल.

आपली
रत्नमाला

*

हर्सूल
१४ मे २०१३

गीता,

तू पाठवू नको म्हणालीस तरी पाठवते. वाचायचं नसलं तर चुलीत घाल, मोसंबीच्या मोळीपेक्षा लवकर पेटंल.

हे लिहिताना रत्नमाला सारखी थांबायलीय. थांबू दे.

महिनाभर तुझं काही नाय म्हणून मला वाटलं पोस्टमन मेला का काय. मंग मागच्या बुधवारी देवळाच्या मागच्या भिंतीकडं गेले, लिंबाच्या सावलीला. तिथं फाटकाखालून एक पाईप बाहेर आलाय. पाईपाच्या तोंडाशी गांधीलमाशा, पंधरा-वीस, एकीवर एक. आणि खाली वीतभर हरळी, हिरवीगार. ऐन उन्हाळ्यात. मला पोथी वाचता येत नाय, पण मेंढक्याची लेक हाय मी. उन्हाळ्यात हरळी हिरवी दिसली की खाली काय हाय ते मला वाचता येतं, तिथं रत्नमाला लागत नाय.

तिथंच बसले. दोन वाजता मोटार लागली. टँकर आला. चावी घेऊन शिवा आला. त्यानं मला बघितलं नाय. मी त्याला शेवटपर्यंत बघितलं.

घरी येऊन रत्नमालेला म्हणले, गीताचं शेवटलं पत्र आण. पुन्हा वाच. ह्या वेळी सगळं. ती रडायला लागली. मी म्हणले, रड, पण वाचत वाचत रड.

ओंजळीचं आलं तवा थांबवलं तिला. तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी शिवा दारात उभा होता, त्यानं बी ऐकलं. गीता, मी इसरले होते असं लिहायला सांगू? तेवढी खोटी नाय मी. इसरले नव्हते. मला वाटायचं, तू इसरलीस.

आता रविवारचं सांगते. सोमवारी कळस चढायचा होता. मी रत्नमालेला खालच्या वस्तीत पाठवलं, दुपारी दोनला बायकांनी हंडे-घागरी घेऊन मागच्या फाटकाशी यावं. ती गेली, बघ. नवऱ्याची चावी बी तिनंच काढून दिली, आणि दुपारी माझ्या मागं उभी राहून हातात धरली. मी बोअरच्या झाकणावर जाऊन बसले, सोबत चाती घेतली. मेंढरं इकून दहा वर्षं झाली, पण शेरभर लोकर मी ठेवलीय. कातत बसले.

टँकर आला. मागून शिवा आला, चावी शोधत. मला बघून म्हणाला, आई, उठ, ऊन लागंल. मी म्हणले, आटल्या बोअरवर म्हातारी बसली तर कुणाचं काय अडतंय? तवर तात्यासाहेब झोपेतून उठून आला, एका पायात चप्पल. म्हणाला, आजी, उद्या कळस आहे, देवाच्या कामात विघ्न आणू नका. मी म्हणले, तात्यासाहेब, आमचा देव मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला हाय. त्याला टोपी नसली तरी चालतं. लेकराला पाणी नसलं तर चालत नाय. हे तुम्हाला देवळात कुणी सांगितलं नाय का?

फाटकापाशी बायका उभ्या होत्या, तुझी सून पहिली. कॉलनीची दारं उघडायला लागली, गोजरबाई डोक्यावर ओला पंचा घेऊन आली.

मी शिवाला म्हणले, मोटार लाव. आटलाय म्हणतोस ना, मंग हवा येईल. लाव.

त्यानं तात्यासाहेबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मंग त्या बायकांकडं बघितलं. मंग बायकोच्या हातातनं चावी घेतली, मोटारीची पेटी उघडली आणि बटण दाबलं.

पाणी आलं. पाईप फेकून दिल्यागत आलं.

तवा मी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. म्हणले, माझ्या पोरानं भंडारा खोटा उचलला. माझा हाय म्हणून मीच सांगते, दुसऱ्यानं सांगायची गरज नाय. आणि शपथ घालायची अक्कल माझी. जे डोळ्यांनी बघता येत होतं ते मी देवाच्या गळ्यात बांधलं. ती शपथ मी परत घेते. खालच्या वस्तीवर तिचं बंधन नाय.

शिवा घरी आल्यावर म्हणाला, आता मी काय करू? मी म्हणले, ह्या वर्षी खंडोबाची तळी उचलायला तुझा हात लागणार नाय. आणि पाऊस पडेस्तोवर रोज सकाळी पहिली घागर खांद्यावर घेऊन राजेंद्राच्या दारात न्यायची. गाडीवर नाय. पायी. कॉलनीच्या मधून.

समितीनं त्याला चिटणीसपदावरून काढलं. खोटं बोलला म्हणून नाय काढलं. मोटार लावली म्हणून काढलं. अशी समिती हाय आमची. आणि दुसऱ्या दिवशी ढोल लावून कळस चढवला. मी गेले नाय. खंडोबा बी गेला नसंल, तो माझ्यापाशी ओट्यावर बसला होता असं मला वाटतं.

माफी मागते असं पत्रात लिहायला सांगत नाय. रत्नमालेच्या अक्षरात ती लई चांगली दिसंल आणि माझी वाटायची नाय. तू ये. तोंडानं मागते. तुला ऐकू येत नाय, म्हंजे मोठ्यानं मागावी लागंल, सगळी गल्ली ऐकंल. तेच बरं.

मंजुळा

*

पाचोड
२२ मे २०१३

मंजुळा,

पत्र चुलीत घातलं नाही.

राजेंद्राचा फोन आला होता, सून त्याच्या हातून घेऊन मोठ्यानं सांगत होती. तुझा शिवशंकर रोज घागर ठेवून जातो. पहिले चार दिवस राजेंद्रानं ती उचलली नाही. उन्हात तापत पडली. पाचव्या दिवशी सुनेनं आत घेतली, लेकराला अंघोळ घातली. राजेंद्रानं तिला अडवलं नाही. मी त्याला काही सांगणार नाही. दार त्याचं आहे.

रत्नमालेला सांग, माझा तिच्यावर राग नाही. पण पत्र वाचणाऱ्यानं पोस्टमनसारखं असावं. जेवढं आलं तेवढं द्यावं.

मृगाच्या आधी येते. माफीचं आल्यावर बघू. आताच कबूल करत नाही.

गीताबाई

*

हर्सूल
३ जून २०१३

गीता, रामराम. रत्नमालेला तुझं सांगणं पोचलं. ती आता पत्रातला पूर्णविराम बी वाचून दाखवते. बेजार केलंय मला.

बोअर सकाळी दोन तास उघडा असतो, दोन्हीकडच्या बायकांना. कुणी ठरवून दिलं नाय. मी झाकणावर बसते, म्हणून उघडा असतो. तात्यासाहेब लोकांना सांगतो, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. झालाच हाय. टँकरवाला दोनदा येऊन गेला, आता येत नाय. म्हणतो, ती बाई सुई फिरवत बसते, मला भीती वाटते. शेरभर लोकर कधीच संपली, मी नुसतीच चाती फिरवते. फळ्यावर अजून बोअर आटला असंच लिहिलंय म्हणे. पुसायला कुणाला लाज वाटत नाय. मला वाचता येत नाय, त्यामुळं त्रास नाय.

पाणी खाली खाली चाललंय, तेवढं मात्र खरं. टँकरनं इमारतीत गेलं ते गेलं. दहाव्या मजल्यावर आमचं पाणी भिंतीत बसलंय, आणि तिथं राहायला येणार कोण, देवाला ठाऊक. त्या लोकांना कुणीतरी सांगायला पायजे, बाबांनो, भिंतीला कान लावा.

आता कालचं. शिवा मला काही सांगत नाय, रत्नमालेनं बघितलं, ती मागं हंडा घेऊन होती.

एकविसावा दिवस होता घागरीचा. सकाळीच ऊन भाजत होतं. त्यानं घागर उंबऱ्याशी ठेवली आणि तिथंच भिंतीला टेकला, चक्कर आली. मोटारसायकलवरचा माणूस, त्याला खांद्याचं ओझं कुठलं. राजेंद्र आतून आला, तुझी नात त्याच्या खांद्यावर. बघितलं, परत आत गेला. रत्नमालेला वाटलं, दार लावून घेतो आता.

तर तांब्या भरून घेऊन आला. शिवापुढं धरला.

आणि गीता, माझ्या पोरानं काय केलं माहीत हाय? त्यानं तुझं पत्र दारात उभं राहून ऐकलं होतं. तो खाली उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ पुढं केली.

राजेंद्र म्हणाला, तांब्या घ्या, दादा. वरून घालायला मला येत नाही.

शिवानं तांब्या घेतला, तोंड लावून प्याला. घरी येऊन देवघरापुढं उभा राहिला. उजवा हात खिशात नव्हता. भंडाऱ्याला हात नाय लावला, तेवढी अक्कल शिल्लक हाय. नुसता उभा राहिला.

तू मृगाआधी येतेस. ये. मी खालच्या वस्तीतच येते तुला भेटायला, राजेंद्राच्या दारात. तो तांब्या भरून ठेव. आधी मी ओंजळ करीन. वरून घालायचं का हातात द्यायचा, ते तू ठरव. मी काय बी बोलणार नाय.

मंजुळा